पहिल्या नंबरचा हात

नारायणगंजच्या शिउलीनं मला पहिला निरोप धाडला, तेव्हा तिनं माझं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तिला माझा हात तेवढा ठाऊक होता.

निरोप मयूरीच्या फोनवर आला; कारखान्यात माझ्या नावापुढं तिचाच नंबर लिहिलेला. मयूरी म्हणजे माझी सून. आम्ही दोघी इचलकरंजीतल्या एका कापड कारखान्यात तपासणी खात्याला. जेवणाची सुट्टी होती आणि मी डबा उघडून तिच्या वांग्याला नावं ठेवत होते. तेवढ्यात फोन बोलायला लागला. बोली बंगाली, पण फोननं तिचं मराठी करून दिलेलं. मराठी तरी कसली, कचेरीतल्या नोटिशीसारखी.

“आदरणीय महोदया, मी बांगलादेशातून शिउली खातून बोलत आहे. आपला हात चूक करीत आहे.”

“बंद कर ते,” मी म्हटलं. “माझा हात चुकला म्हणणारी अजून जन्माला यायचीय.”

मयूरीनं बंद केलं नाही. फोन पुढं बोलत राहिला. “आतून तुटलेला धागा आपला हात सोडून देतो. मी तीन वेळा थांबवले. तिन्ही वेळा यंत्राने आपले नाव दाखवून कापड पास केले. चौथ्या वेळी मला तपासणीतून उठवून खोकी बांधायला बसवले. हे कापड मोटारींच्या एअरबॅगचे आहे. कृपया आपल्या हाताला सांगावे.”

मागोमाग एक चित्रफीत आली. पांढऱ्या कापडाचा तुकडा, तो धरलेली दोन सावळी, बारीक मनगटं. मनगटांनी हिसका दिला आणि कापड चर्रकन फाटलं, जुनेराच्या पदरासारखं. एअरबॅगचं कापड दोन गड्यांनी ओढलं तरी फाटायला नको.

मयूरीचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ते मी हेरून ठेवलं.

आता हे हाताला सांगणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीला भ्रम झाला.

एअरबॅगच्या कापडात रफू चालत नाही. धडक बसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती पिशवी फुगते, आणि जिथं धागा कच्चा तिथून फाटते. म्हणून दोष सापडला की लाल दोरा बांधायचा आणि तेवढा तुकडा कापून टाकायचा. डोळ्याला दिसणारे दोष कॅमेरे पकडतात. ते माणसाहून चांगले पकडतात, मी खोटं कशाला बोलू. पण एक दोष असा आहे की धागा वरून अखंड दिसतो आणि आतले तंतू तुटलेले असतात. आमच्यात त्याला पोकळ तार म्हणतात. कॅमेऱ्याला ती दिसत नाही. बोट फिरवलं तर केसाएवढं खोलगट लागतं. तेही सगळ्यांच्या बोटाला नाही. मला लागायचं. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला एक तागा परत आलेला नाही. शाळा चौथीपर्यंत झाली माझी, पण मोठमोठे इंजिनियर माझ्या शेजारी उभे राहून विचारायचे, “अक्का, कसं कळलं?” मी म्हणायची, “तुमच्या आईला विचारा, भात शिजलेला कसा कळतो.”

मग परदेशातल्या एका कंपनीनं बोटटोप्या आणल्या. कांद्याच्या पातळ सालीसारख्या, तीन बोटांत घालायच्या. आमच्या खात्याचा इंजिनियर हर्षद मगदूम, जयसिंगपूरचा पोरगा, त्यानं आम्हा साठ बायकांना बसवून समजावलं. “अक्का, ही टोपी दोन गोष्टी टिपते. एक, बोटाखाली काय लागलं. दोन, ते लागल्यावर तुम्ही काय केलं, थांबलात का पुढं गेलात. असं लाखो वेळा झालं की यंत्र तुमच्यासारखं वागायला शिकतं. कशाला थांबायचं आणि कशाला माफ करायचं, एवढंच त्याला शिकायचंय.”

“म्हणजे लहान पोरासारखं. आई कशाला ओरडते आणि कशाला ओरडत नाही ते बघत बसायचं.”

“अगदी तसंच.”

दोन वर्षं ती शिकवणी चालली. साठ जणींतून यंत्रानं माझा हात पहिल्या नंबरचा ठरवला. हात म्हणजे हाडामांसाचा नव्हे, त्याची तिकडं वर साठवलेली अक्कल. तो हात मग देशोदेशी भाड्यानं गेला. नारायणगंजला, व्हिएतनामला, इथिओपियाला. जिथं मजुरी स्वस्त आणि बायका नवख्या, तिथं लोखंडी बोटं कापडावर फिरतात आणि निवाडा माझा हात देतो. पडद्यावर माझं नाव येतं : शेवंता, हात क्रमांक एक. पास. कारखान्यानं माझा सत्कार केला. फोटो काढायचा तर तोंडाचा काढायचा, त्यांनी हाताचा काढला. तरी मी ताठ मानेनं उभी होते. चौंडेश्वरीच्या देवळात बायका मला पुढं जायला वाट द्यायच्या.

आता लाज सांगते.

शिकवणी सुरू झाली त्याच्या वर्षभर आधीपासून माझी बोटं मरत होती. साखर. भाकरी उलटताना बोट तव्याला टेकलं आणि मला चटका बसला नाही, वास आला. शेजारणी कौतुक करायच्या, शेवंताक्काला चटका म्हणून बसत नाही. मी हसायची. डॉक्टर म्हणाला, टोकाच्या नसा गेल्या, परत यायच्या नाहीत. मी घरी कुणाला सांगितलं नाही. पाठ दुखते म्हणाले आणि जेवणानंतरच्या पाळीला माझी टोपी मयूरीच्या बोटांत घातली.

आमच्यात हे नवं नाही. बाई बाळंत झाली, आजारी पडली की तिच्या कार्डावर जाऊ नाहीतर नणंद बसायची. नाव हिचं, हात तिचा. कापड चांगलं निघाल्याशी मतलब. टोपी आली तरी सवय तीच. सकाळी अंगठा लावून हजेरी द्यायची, मग टोपी कुणाच्या बोटात आहे ते कोण बघतंय? सकाळी मात्र जेवणापर्यंत मीच बसायची. पाहुणे सकाळी यायचे ना. हात बधिर, पण रुबाब जिवंत.

त्या दिवशी घरी आल्यावर मयूरी कणीक मळायला बसली. मी समोर पाट घेतला.

“तू माझ्याकडं बघितलं का नाहीस दुपारी?”

“कधी?”

“सोंग करू नकोस. तो निरोप आला तेव्हा.”

ती कणकेला बुक्क्या देत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, “आत्ती, तुमची बोटं गेलीत ते मला पहिल्यापासून माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? तुम्ही कापड गालाला लावायला लागला होतात.”

मला वाटलं होतं, कुणी बघत नाही.

“सकाळी तुम्ही तागा सोडलात की तो घडीला जायच्या आत मी त्यावर परत हात फिरवायची,” ती म्हणाली. “टोपी न घालता, नुसत्या बोटांनी. पोकळ तार लागली की लाल दोरा बांधून गुपचूप कापायला द्यायची. दोन्ही वर्षं. रोज.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर चार दिवस जेवला नसता. आणि पाचव्या दिवशी मला माहेरी धाडलं असतं.”

खोटं नव्हतं ते. दुसरी वेळ असती तर मी त्या उत्तरावर खूश झाले असते. सुनेनं सासूची लाज राखली, तीही गाजावाजा न करता. माझ्या सासूच्या वेळी मीही तेच केलं असतं. पण मयूरी बारावी शिकलेली. तिच्या डोक्यात पुढचं चाललं होतं. तिनं परात बाजूला सारली.

“आत्ती, पोकळ तार तुमच्या बोटाला लागली नाही. पण टोपीला लागली होती. टोपी मेलेली नव्हती. यंत्रानं काय बघितलं? अक्काच्या बोटाखाली दोष आला, अक्काला तो कळला, आणि अक्का पुढं गेली.”

“म्हणजे यंत्राला वाटलं…”

“तुम्ही माफ केलं. सकाळी सकाळी शेकडो वेळा माफ केलं. जेवणानंतर मी थांबायची, तर त्याला वाटलं अक्काला बारीक फरक कळतो, अमुक पोकळ तार चालते आणि तमुक चालत नाही. आणि तुम्ही सोडलेल्या कापडाची एक तक्रार आली नाही, कारण ती मी कापून टाकत होते. मग त्याची खात्रीच पटली.”

आमच्याकडून एकही वाईट तागा गेला नव्हता. मयूरी होती म्हणून. पण नारायणगंजला मयूरी नव्हती. व्हिएतनामला मयूरी नव्हती. तिथं नुसता माझा हात होता.

पूर्वी बाईचा हात चुकला तर एक तागा वाया जायचा. मालक शिव्या द्यायचा, बाई रडायची, संपलं. आता मी एक चूक केली होती आणि ती हजार ठिकाणी, दिवसरात्र, न थकता चालू होती. मी घरात पाटावर बसले होते आणि तिकडं माझा हात पास, पास, पास म्हणत होता.

रविवारी माझी लेक शुभा पुण्याहून आली. सातवा महिना, डोहाळजेवणासाठी. जावई सागरराव नवी गाडी घेऊन आलेले. बॅटरीवरची, पांढरी, दुधाच्या पिशवीसारखी चकचकीत. शुभा पुढच्या सीटवरून उतरली, पोटाला हात लावून. तिच्या पोटाच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर, गाडीच्या त्या काळ्या फळीवर बारीक अक्षरं कोरलेली होती. मयूरीनं मला हळूच वाचून दाखवली : एअरबॅग.

“शुभे, तू पुढं बसू नकोस.”

“आई, पुढंच आरामात वाटतं. आणि एअरबॅग आहे की.”

सागररावांना फार हौस. म्हणाले, “आत्याबाई, आता प्रत्येक गाडीला जन्मदाखला असतो. कुठला भाग कुठं बनला, कुणी तपासला, सगळं कळतं.” त्यांनी दारावरच्या चौकोनी खुणेसमोर फोन धरला. लोखंड कुठलं, काच कुठली, बॅटरी कुठली, खाली खाली जात राहिले. मग ओरडलेच, “अरे, हे बघा! एअरबॅगचं कापड : नारायणगंज. तपासणी : शेवंता, हात क्रमांक एक! आत्याबाई, आमची गाडी तुम्ही पास केलीय!”

गल्ली जमा झाली. शुभाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला गाडीशेजारी उभं करून फोटो काढला. मी हसले का नाही ते आठवत नाही. माझं लक्ष शुभाच्या पोटाकडं होतं, आणि त्या काळ्या फळीकडं, जिच्या आत माझ्या नावाचं कापड घडी घालून बसलं होतं.

संध्याकाळी ते निघायला लागले तेव्हा मी दारात आडवी झाले. “पहिलं बाळंतपण माहेरी. शुभा आता इथंच राहणार.”

“अहो, अजून दोन महिने आहेत.”

“मोजता मलाही येतं. बॅग आत ने, रणजित.”

रणजित माझा मुलगा, मयूरीचा नवरा. त्याला काही कळलं नाही, पण आईचा आवाज कळतो. बॅग आत गेली. सागरराव तोंड पाडून एकटे निघाले. मी त्यांना मागं बसून चालवा असं सांगू शकत नव्हते. पुण्याला पोचल्याचा फोन येईस्तोवर मी देवापुढं बसून होते आणि माझ्या तोंडून एक स्तोत्र निघालं नाही. नुसतं “नको, नको” निघत होतं.

सोमवारी मी मगदूमच्या केबिनमध्ये शिरले. मयूरी मागं. मी दार लावलं आणि टेबलावर पांढऱ्या कापडाचा तुकडा ठेवला.

“अक्का, काय झालं?”

“डोळ्यांनी बघ. माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस.” मी मान दुसरीकडं फिरवली आणि कापडाची जाड सुई तर्जनीत खुपसली. मला काही कळलं नाही. मगदूमचा “अहो!” ऐकून मी बघितलं, तर कापडावर रुपयाएवढा लाल डाग पडला होता.

मग मी सगळं सांगितलं. साखर, टोपी, मयूरी, नुसत्या बोटांनी केलेली दुरुस्ती. तो पोरगा पांढराफटक पडला. त्याच्याही गाडीत नारायणगंजचंच कापड होतं, नंतर म्हणाला.

“वर कळव,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता. हात चुकलेला आहे, बंद करा.”

त्यानं सगळं लिहिलं. फक्त टोपी दोघींच्या बोटांत होती तेवढं लिहिलं नाही. माझी बोटं अमुक वर्षापासून बधिर, पोकळ तारेचे सकाळचे निवाडे चुकीचे, असं स्वच्छ लिहून पाठवलं. उत्तर यायला दहा पळंही लागली नाहीत. मगदूमनं वाचलं आणि परत वाचलं.

“काय म्हणतंय?”

“नोंद घेतली. शिकवणीच्या दोन वर्षांत या हातानं सोडलेल्या एकाही ताग्याची तक्रार नाही. हाताच्या मालकिणीचं म्हणणं आणि हाताचं काम जुळत नाही. अशा वेळी हाताला प्राधान्य. बदल आवश्यक नाही.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. माझ्याच विरुद्ध माझी साक्ष होती आणि ती माझ्यापेक्षा खरी मानली गेली होती.

“वर माणूस कोण आहे? त्याच्याशी बोलू दे मला. इंग्रजी नाही तर नाही, चार शब्द मराठीत घालीन.”

“अक्का, वर माणूस नाहीच. फोन लावला तरी तेच उचलतं.”

“कापड ओढून बघायची परीक्षा असते की तिकडं!”

“होती. पहिल्या नंबरचा हात आला म्हणून ती कमी केली. हजार ताग्यांत एक ओढतात. तो फाटला तर म्हणतात, अपवाद.”

“मग पोलिसांत जाऊ.”

“कुठल्या देशाच्या?”

मयूरी इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती म्हणाली, “आणि हात दोघींचा आहे असं लिहिलं तर?”

मगदूमनं खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. “तर ते फसवणुकीत जातं. इचलकरंजीचा प्रत्येक माग संध्याकाळपर्यंत पुरवठ्याच्या साखळीबाहेर. जगात कुणी आपलं कापड घेणार नाही. आणि हात मात्र तिकडं चालूच राहील. तो आता आपल्याकडून घेतलेला माल आहे. विकलेलं कापड परत मागता येतं का?”

म्हणजे खरं बोललं तर गाव मरणार, आणि ज्यांच्यासाठी बोलायचं ते वाचणार नाहीत ते नाहीतच.

“एकच वाट आहे,” तो म्हणाला. “शिकवणी संपली तरी टोप्या चालू आहेत, हात अजून शिकतोय. रोज इथं जे होतं ते दर आठवड्याला सगळीकडं जातं. तुमच्या नावावरच्या टोपीनं आता प्रत्येक पोकळ तारेला थांबवलं, हजारो वेळा, एकही न सोडता, तर हळूहळू त्याचं मत फिरेल. पण तेवढ्या पोकळ तारा आणायच्या कुठून? आपल्या मागांवर दिवसाला पाच-सहा निघतात.”

मी मयूरीकडं पाहिलं, मयूरीनं माझ्याकडं. आमच्या दोघींच्या डोक्यात एकच नाव आलं.

रणजित आमच्याच कारखान्यात जॉबर आहे, मागांचा मिस्त्री. बिघडलेला माग त्याच्याकडं बघून सरळ होतो असं लोक म्हणतात, आणि मी म्हणू देते. तो मागाखाली आडवा होता, तोंडाला ग्रीस. मी ओरडून सांगितलं, कारण मागांच्या आवाजात दुसरं काही ऐकू जात नाही.

“ताण वाढव. बारा मागांचा.”

“किती?”

“आतले तंतू तुटतील इतका. वरून धागा दिसला पाहिजे.”

तो बाहेर सरकला आणि माझ्या कपाळाला हात लावायला गेला. मी तो झटकला.

“आई, सतरा वर्षं मी डाग पडू नये म्हणून मरतोय. आता पाड म्हणतेस?”

“पाड.”

“यंत्र कामाला लावतं ती माझी प्रत जाईल. कारखान्याची जाईल. ऑर्डर दुसऱ्या गावाला जातील, तासाभरात जातात त्या, कुणी विचारतसुद्धा नाही. खात्यातल्या बायका कुठं जातील?”

“घरी जातील. चिडतील. मला शिव्या घालतील. पण घरी जातील, रणजित.” मी त्याच्याजवळ वाकले. “शुभा ज्या गाडीतून आली तिच्यात माझ्या नावाचं कापड आहे. तशा किती गाड्यांत किती शुभा बसल्यात ते मला मोजता येत नाही. चौथी शिकलेय मी.”

त्यानं पाना उचलला. मग बाराच्या बारा मागांचा ताण दोन-दोन आटे वाढवला. शेवटच्या मागाला त्यानं हात लावून नमस्कार केला. लहानपणी चुकून पाय लागला की मी शिकवला होता तसा.

दुसऱ्या दिवसापासून मयूरी माझ्या जागेवर बसली. मी शेजारी स्टूल घेतलं. तिच्या बोटांत माझी टोपी, आणि कापड सरकायला लागलं. थांबली. लाल दोरा. थांबली. लाल दोरा. सकाळभरात एवढे दोरे झाले की तागा हळदीकुंकवाच्या साडीसारखा दिसायला लागला. पूर्वी मी तिला म्हणायची, तुझा हात म्हणजे उकडलेला बटाटा, त्याला काही लागत नाही. आता मी बघत होते आणि मला दिसत होतं, ती माझ्याहून चांगली होती. कधीपासून होती, देव जाणे. पहिल्या नंबरचा हात म्हणून जे काही चांगलं होतं ते हिचं होतं, आणि जे वाईट होतं ते माझं.

चौथ्या दिवशी पडद्यावर कारखान्याची प्रत एक पायरी उतरली. आठव्या दिवशी ऑर्डरी आटल्या आणि वीस माग बंद पडले. मागांचा आवाज थांबला की इचलकरंजीत माणसं दचकून बाहेर येतात, तशी आली. बाराव्या दिवशी तपासणीतल्या निम्म्या बायकांना सुट्टी दिली. जाताना सरूबाई म्हेत्रे माझ्या स्टुलापुढं उभी राहिली. तीस वर्षांची मैत्रीण.

“सुनेला गादीवर बसवायला गावाचं वाटोळं करतेस होय गं शेवंते?”

मी उठले आणि सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं बोलले. आता लपवून कुणाचं भलं होणार होतं? “माझी बोटं मरून तीन वर्षं उलटली. हा हात मयूरीचा आहे. माझ्या नावानं मी जे माफ केलं त्यानं माणसं मरतील, म्हणून ती ते निस्तरतेय. वर कळवायचं तर कळवा. गाव त्याच दिवशी बंद होईल.”

कुणी कळवलं नाही. सरूबाई मात्र जाईना. तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्या कानाशी आली. तिच्या अंगाला भीतीचा वास येत होता.

“शेवंते, माझा हात कितव्या नंबरचा आहे?”

“सातव्या.”

“माझ्या टोपीत दोन वर्षं माझी जाऊ बसत होती. तिला डाव्या बाजूनं कमी दिसतं. ती डावा काठ तपासतच नव्हती.”

मी खात्याकडं नजर फिरवली. उरलेल्या बायका आपापल्या टोप्यांकडं बघत होत्या. कुणी वर बघत नव्हतं. साठ हात होते आमचे. साठच्या साठ जगभर गेलेले.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मयूरीचा फोन बोलला. शिउलीच.

“महोदया, आनंदाची बातमी. मी खोकी बांधते त्या जागेजवळ कापलेले तुकडे टाकतात. आज त्यात आतून तुटलेला एक धागा सापडला. आपल्या हाताने स्वतःहून थांबवला.”

मयूरी टोपी घातलेल्या हातानंच तोंड झाकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ मला कळत नव्हती, नुसती हलताना दिसत होती. मी म्हटलं, “विचार तिला, आज एकूण तागे किती गेले?”

उत्तर आलं, “चारशे.”

“त्यांत सुटलेल्या पोकळ तारा किती होत्या?”

फोनमधून तिकडच्या मागांचा आवाज येत होता, आमचे माग बंद होते म्हणून अगदी स्वच्छ. मग शिउली बोलली.

“ते मला कसे कळणार, महोदया? मी खोकी बांधते.”